सीनेनं नेलेलं रान

चंद्रव्वाला गावात सगळे ओळखतात ते तिच्या आवाजावरून. नदीच्या काठानं मेंढरं चारताना तिनं हाळी दिली, की चावडीवर बसलेली माणसं सांगू शकतात, चंद्रव्वा आज कुठल्या अंगाला आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात सीना जिथं मोठं वळण घेते, त्या वळणावर हे गाव. घरात कानडी बोलायचं, बाजारात मराठी, आणि भांडायचं असेल तर दोन्ही, अशी इथली रीत. चंद्रव्वाही तशीच. उंच, काटक बाई. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडू नये म्हणून दातात धरून चालते आणि बोलायची वेळ आली की पदर सोडून देते.

नवरा निंगप्पा तापाचं निमित्त होऊन गेला. तेव्हापासून नदीकाठचं दोन एकर रान आणि दहा-बारा मेंढरं तिनं एकटीनं सांभाळली. मुलगा मल्हार चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला आहे. तो आणि सून महेश्वरी तिकडंच भाड्याच्या खोलीत राहतात. अव्वानं, म्हणजे आईनं, आता आपल्याकडं यावं, असं मल्हारला मनापासून वाटायचं. अव्वाला वाटायचं, की मेंढरं त्या खोलीत कुठं बांधायची.

तिचं रान म्हणजे नुसतं नदीकाठचं म्हणून चांगलं नव्हतं. लग्न होऊन ती आली तेव्हा त्यात निम्मा मुरूमच होता. तिनं आणि निंगप्पानं उन्हाळ्या-उन्हाळ्यात पाझर तलावातला गाळ बैलगाडीनं आणून ओतला, लेंडीखतासाठी दरवर्षी मेंढरं बसवली, दगड वेचले. वीस-पंचवीस वर्षांत तिथं अशी काळीभोर माती झाली की पाऊल रुतावं. उणं एकच होतं. रानाला वाट नव्हती. गावातून जायचं तर खालच्या अंगाला असलेल्या सिद्धाप्पाच्या बांधावरनंच जावं लागे. एका पावसाळ्यात निंगप्पाची गाडी घसरून सिद्धाप्पाच्या उसात गेली, शब्दाला शब्द लागला आणि सिद्धाप्पानं बांधावर बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली. तेव्हापासून चंद्रव्वाच्या रानातला माल ओढ्याच्या अरुंद पांदीनं डोक्यावरून यायचा. दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. निंगप्पाच्या मयतीला सिद्धाप्पा आला होता, पण लांब बसला आणि न बोलता उठून गेला. चंद्रव्वानंही मान वर केली नाही.

त्या सप्टेंबरात वर कुठंतरी आभाळ फाटलं. धरणं भरून वाहू लागली आणि सीनेचं पाणी गावकुसाला लागलं. गावातल्या म्हाताऱ्यांनीही एवढं पाणी पाहिलं नव्हतं. लोक पोराबाळांना घेऊन उंचावरच्या शाळेत गेले. चंद्रव्वा मेंढरं घेऊन शाळेच्याही वरच्या माळावर, देवळाच्या ओसरीत जाऊन बसली. पाणी उतरायला लागलं तशी लोकांची पावलं रानाकडं वळली.

चंद्रव्वा गेली आणि आपल्याच रानात चुकली. बांध नाही, बांधावरचं लिंबाचं झाड नाही, लावलेला कांदा नाही. माती तर नाहीच. घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखा खडक नि मुरूम उघडा पडला होता. लग्न झालं तेव्हाचा मुरूम. तिनं तो ओळखला. मग एका धोंड्यावर बसून तिनं नदीकडं पाहिलं. नदी आता खाली, आपल्या जागी, काहीच झालं नाही अशी वाहत होती.

आठवड्याभरात पंचनामे सुरू झाले. गावाला सुकन्या नावाची तरुण तलाठी होती. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन ती चिखलातून रानोरान फिरत होती. चंद्रव्वाच्या रानात ती आली तेव्हा मागं गावातली आठ-दहा माणसं होती. त्यात सिद्धाप्पाही होता. त्याच्या रानाचा पंचनामा नुकताच झाला होता. त्याच्या उसावर कंबरेएवढा गाळ बसला होता.

"मावशी, तुमची हद्द कुठपर्यंत?" सुकन्यानं विचारलं. "बांध दिसत नाही. मला फोटो तिथं उभं राहून काढावा लागतो. जेवढी जमीन खरडून गेली, तेवढ्याचीच मदत मिळणार."

चंद्रव्वानं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. खूण म्हणावी असं तिथं काही उरलंच नव्हतं. "हितं लिंब हुता," ती म्हणाली, "का थोडा तिकडं... मॅडम, मला समजंना झालंय."

कुणीतरी मागून म्हणालं, "त्या धोंड्यापत्तोर धरा की."

सुकन्या धोंड्याकडं निघाली. तेवढ्यात सिद्धाप्पा खाकरला.

"तितनं न्हाय," तो म्हणाला. तो चंद्रव्वाकडं बघत नव्हता. "त्या मोडक्या बाभळीपत्तोर हाय त्यांची हद्द. माझा बांध तितं लागतो. मी सांगतो न्हवं."

बाभळ धोंड्याच्या बरीच पुढं होती. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. ज्या बांधावरून आयुष्यभराचं वैर झालं, तोच बांध हा माणूस आपल्या तोंडानं तिच्या पदरात टाकत होता. सुकन्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं बाभळीजवळ जाऊन फोटो काढला आणि पंच म्हणून सिद्धाप्पाचीच सही घेतली. सही करून तो निघून गेला. चंद्रव्वाला काहीतरी म्हणायचं होतं, पण इतक्या वर्षांनी या माणसाला हाक काय मारायची, हेच तिला आठवेना.

मदत काही लगेच आली नाही. सातबारा अजून निंगप्पाच्याच नावावर होता, आणि मेलेल्या माणसाच्या खात्यात शासन पैसे टाकत नाही. मल्हारनं कारखान्यातून सुट्टी काढली. वारस नोंद, आधार, बँकेचं पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक, सगळ्यासाठी मायलेक चावडीत खेटे घालत राहिले. एकदा यंत्रावर चंद्रव्वाचा अंगठाच उमटेना. सुकन्यानं तिला पदरानं बोटं पुसायला लावली, थोडं थांबायला लावलं, चहा पाजला. शेवटी उमटला.

"मावशी, आता माझ्याकडून सगळं गेलंय," ती म्हणाली. "वरून यायला वेळ लागेल. पण येईल."

"येईल म्हनतीस न्हवं? मग बास."

आणि खरंच आली. आधी पिकाची थोडीफार आली, मग दिवाळी झाल्यावर जमिनीची. मल्हारच्या मोबाइलवर मेसेज आला तसा तो शनिवारी संध्याकाळी गावात हजर झाला. जेवण झाल्यावर त्यानं विषय काढला.

"अव्वा, हे पैसं बँकेत ठिवू. खोली घ्यायला उपेगी येतील. तू चल आता तिकडं."

"आन रान?"

"त्या खडकावर काय पिकवनार हाईस तू? आप्पाला नि तुला ती माती करायला जलम गेला. आता कोन करनार? मी रोज पाळीला जातो. मला न्हाय जमायचं अव्वा, खोटं कशाला बोलू."

तो वैतागून बोलत नव्हता. त्याला आईची दमलेली पाठ दिसत होती. चंद्रव्वालाही ते कळलं.

"हे पैसं कशाचं हाईत, सांग बरं?" तिनं विचारलं.

"नुकसानीचं."

"जमिनीच्या नुकसानीचं. मग आधी जमिनीला घालू. त्यातनं काय उरलं तर तुज्या खोलीला. एक साल बघू दे मला, मल्हार. न्हाय जमलं तर मी आपूनहून मेंढरं इकीन आन येईन."

मल्हार हसला. मेंढरं विकण्याचं तिनं तोंडानं काढलं, हेच त्याला पुष्कळ होतं.

सकाळी तिनं गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला गाठलं. माळावरची माती आणून टाकायला त्याची ना नव्हती. त्यानं एकच विचारलं, "वाट कुटनं?" ओढ्याच्या पांदीनं माणूस जाईल, मेंढरू जाईल, भरलेली ट्रॉली काही जायची नाही. पैसा हातात आला होता आणि रानापर्यंत पोचत नव्हता.

त्यानंतरच्या एका दुपारी ती दारात मेंढरांना पाला टाकत होती. तर सिद्धाप्पाची बायको गौरम्मा अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. हातात टोपली, टोपलीवर फडकं. या दारात ती कितीतरी वर्षांनी आली होती.

"अक्का, आत येऊ का?"

"ये की. दार का झाकलंय व्हय?"

गौरम्मानं टोपली खाली ठेवली आणि फडकं काढलं. आत हिरव्या पातीचे कांदे होते. काही बारीक, काही चांगले लिंबाएवढे, मुळांना माती तशीच.

"तुमचा हाय," गौरम्मा म्हणाली. "आमच्या गाळात उगवून आलाय. ओळ न्हाय काय न्हाय, हितं एक, तितं एक. आमी तर कांदा लावतच न्हाय. तुमचाच वाहून आला आन रुजला. मी खुरप्यानं काडून आनला. दुसऱ्याचं पीक कसं खायाचं?"

चंद्रव्वानं एक कांदा उचलला. मुळाला लागलेली माती दोन बोटांत चोळली. काळी, मऊ, जराशी चिकट.

"गौरम्मा," ती हळूच म्हणाली, "कांदा एकटा आला न्हाय गं."

"म्हंजी?"

"मातीबी आलीया. माझी माती तुज्या रानात बसलीया."

गौरम्मानं टोपलीतल्या मुळांची माती बघितली. मग दोघी एकदम हसल्या, आणि हसता हसता गौरम्माच्या डोळ्यांना पाणी आलं. चंद्रव्वानं चूल पेटवली, चहा ठेवला. गौरम्मानं घरचं गाऱ्हाणं सांगितलं. गाळ काढायला सरकारनं त्यांनाही मदत दिली होती. पण काढलेला गाळ टाकायचा कुठं? नदीत टाकला तर पुढच्या पुरात परत येणार, ओढ्यात टाकला तर वरच्यांची रानं तुंबणार. गाळाखाली ऊस कुजून चालला होता आणि सिद्धाप्पा रोज बांधावर जाऊन नुसता बसून येत होता.

"त्याला तू काय सांगू नगं," चंद्रव्वा म्हणाली. "मीच येते उद्या."

दुसऱ्या दिवशी ती पांदीनं न जाता सरळ सिद्धाप्पाच्या बांधानं गेली. वाटेतल्या काट्या पुरानंच नेल्या होत्या. सिद्धाप्पा बांधावर बसला होता. तिला येताना बघून तो उठून उभा राहिला.

"अण्णा," चंद्रव्वानं हाक मारली. रात्री पडल्या पडल्या तिनं ठरवून ठेवलेली हाक होती ती. "गाळाचं काय करनार हाय?"

"काय करू? टाकायला जागा न्हाय."

"माझ्या रानात टाका."

सिद्धाप्पानं तिच्याकडं पाहिलं. मग गाळाकडं, मग वरच्या अंगाला उघड्या पडलेल्या मुरमाकडं. त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. शेतकरी माणूस.

"तुमचीच माती हाय म्हना की ती," तो म्हणाला.

"माझी असू द्या, न्हायतर नदीची. तुमाला नको हाय, मला पायजे हाय. काडायचा खर्च तुमचा, न्यायाचा माझा. दोघांस्नीबी त्यासाठीच पैसं आल्यात."

सिद्धाप्पा पायानं मातीचं एक ढेकूळ फोडत राहिला. चंद्रव्वाला वाटलं, आता हा नाही म्हणणार. तिनं मनाची तयारी करून विचारलं, "पन टॅक्टर... वाट?"

"टॅक्टर काय उडत जानार हाय?" सिद्धाप्पा एकदम रागावल्यासारखा बोलला. "ह्याच बांधावरनं जाईल की! दुसरीकडनं कुटनं जाईल?" आणि मग आवाज खाली आणून, "निंगप्पाला मीच तोडून बोललो हुतो वैनी. गाडी घसरली, त्यात त्याचा काय गुन्हा?"

"तेबी काय कमी बोलत नव्हते," चंद्रव्वा म्हणाली. त्या विषयावर त्या दोघांत एवढंच बोलणं झालं.

काम सुरू करण्याआधी ती चावडीत गेली. तिच्या मनात एक भीती होती. दोघांनी मिळून एकच काम केलं, तर सरकार एकाचे पैसे परत तर मागणार नाही ना? सुकन्यानं ते ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"मावशी, त्यांची जमीन मोकळी व्हावी म्हणून त्यांना दिलेत, तुमची भरून निघावी म्हणून तुम्हाला. दोन्ही होतंय ना? मग कशाला कोण परत मागेल?" मग ती म्हणाली, "मी दोन्ही पंचनामे एकाच दिवशी केले, मावशी. तुमचीच माती त्यांच्याकडं गेलीय, हे माझ्या नाही डोक्यात आलं."

"तुला काय शंभर रानं बघायची हुती. मला आपलं एकच," चंद्रव्वा म्हणाली.

जेसीबी आला, ट्रॉल्या लागल्या. पहिल्या दिवशी नुसती झुंबड. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र सिद्धाप्पा हात आडवे करून जेसीबीच्या पुढं उभा राहिला. "बास! हितनं खाली माझं रान हाय!" चंद्रव्वा धावत आली. गाळ कापला होता तिथं कड दिसत होती. वरचा थर काळा, त्याच्याखाली सिद्धाप्पाची मूळची करडी जमीन. पण दोन्हींच्या मध्ये हातभर पट्टा असा होता, की तो कुणाचा ते सांगता येईना. ती काळा म्हणे, तो करडा म्हणे. आवाज चढले. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि बिडी शिलगावली.

गौरम्मा भाकरी घेऊन आली होती. तिनं दोघांकडंही पाहिलं आणि कानडीत एवढंच म्हणाली, की नदीला बोलवा, ती सांगेल. बघणारी माणसं हसायला लागली. चंद्रव्वालाही हसू आलं.

"ऱ्हाऊ द्या अण्णा," ती म्हणाली. "हातभर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. उसाला लागंल."

सिद्धाप्पाला एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. तो जरा घुटमळला. मग जेसीबीवाल्याला म्हणाला, "कडंचा घे की अजून दोन ट्रॉली. तितं काळीच हाय." आणि कुणाकडंही न बघता भाकरीकडं वळला.

सगळी माती काही परत आली नाही. बरीचशी सीनेनं भीमेला दिली, भीमेनं कुणाला दिली कोण जाणे. आली ती वरच्या निम्म्या रानाला पुरली. खालचा निम्मा तुकडा तसाच मुरमाड राहिला. मल्हार आणि महेश्वरी सुट्टीच्या दिवशी येऊन ढिगारे पांगवायला लागले. मल्हारच्या हाताला फोड आले. ते त्यानं महेश्वरीला दाखवले, आईला नाही.

वेळ अमावस्या आली. त्या दिवशी या भागात कुणी घरी जेवत नाही. सगळं गाव रानात जातं, उभ्या पिकात कडब्याची खोप करून पूजा मांडतं आणि अनेक भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, भाकरी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील असं पोटभर खातं. पण चंद्रव्वाच्या रानात पीक नव्हतं. ओसाड रानात कसली येळ आमुशा, म्हणून ती त्या सकाळी चूल पेटवायलाही उठली नाही. सणासाठी आलेल्या महेश्वरीनं मात्र आदल्या दिवशीच भाज्या निवडून ठेवल्या होत्या. तिनं सासूला न विचारताच भज्जी शिजायला टाकली.

"अव्वा, पीक न्हाय, पन माती हाय की," ती म्हणाली. "मातीची पूजा करायला काय हरकत हाय?"

खोपीला कडबा नव्हता. तो सिद्धाप्पाकडचा आला. त्यामागून सिद्धाप्पा आणि गौरम्माही आली, आंबिलाचं मडकं घेऊन. सुकन्या कुणाच्या तरी रानात जेवायला आली होती, तिलाही मल्हारनं ओढून आणलं. नव्या पांगवलेल्या मातीवर खोप उभी राहिली, पाच पांडव म्हणून पाच दगड चुना लावून मांडले गेले. आंबील शिंपडत रानाला फेरी मारायचा मान घरच्या कर्त्याचा. मल्हारनं तांब्या उचलला आणि आईच्या हातात दिला.

चंद्रव्वा निघाली. काळ्या मातीवरून फिरली, तशीच खालच्या मुरमावरूनही फिरली. एकही कोपरा तिनं सोडला नाही. तिचा आवाज आरोळी देताना पार पलीकडच्या काठावर गेला, आणि तिकडच्या रानात जेवणाऱ्या माणसांनी उलट आरोळी दिली.

जानेवारीत तिनं शेजारच्या गावचा मेंढ्यांचा कळप चार दिवस रानात बसवून घेतला. मग वरच्या तुकड्यात उन्हाळी भुईमूग टोकला. उगवण काही सगळीकडं सारखी झाली नाही. कुठं दाट, कुठं विरळ. मल्हारला ते बघून वाईट वाटलं.

"पयल्या साली असंच अस्तंय," चंद्रव्वा म्हणाली. "मातीला अजून समजंना झालंय आपून कुटं हाय ते. बसंल हळूहळू." मग खालच्या तुकड्याकडं हात करून तिनं विचारलं, "तलावातला गाळ न्यायला परवानगी कोन देतंय रे? त्या मॅडमलाच विचारायचं का?"

"विचारतो की," मल्हार म्हणाला. "पन अव्वा, बैलगाडीनं न्हाय हं."

"टॅक्टरनं," चंद्रव्वा म्हणाली. पदर दातात धरून ती पाणी द्यायला वाकली.